कोऱ्या पाट्यांचे दुकान

अण्णा,

तुमच्या तिथीला, पंगत बसलेली असताना, तुमच्या धाकट्या लेकीने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जे सांगितले ते खरे नाही. तिचे शब्द मी जसेच्या तसे देतो: “सुनंनं दादाच्या घरात दगड भरले, धंदा बुडवला आन् संक्रांतीच्या आधी कुणाला न सांगता माहेरी निघून गेली.” एका वाक्यात तीन विधाने, आणि तिन्ही चुकीची. दगड सुनेने भरले नाहीत, मी भरले. धंदा तिने बुडवला नाही. तो कसा बुडाला ते पुढे येईलच. आणि ती संक्रांतीच्या आधी गेली नाही. न सांगता तर मुळीच गेली नाही. मी तिथल्या तिथे बोलायला हवे होते. पण अन्नावर बसून वाद घालायचा नाही हा तुमचा दंडक, आणि पंगत तर तुमच्याच नावाची होती. हात धुऊन मी बाहेर आलो तोवर सगळे आपापल्या गाड्या काढत होते. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली. निदान तुम्हाला तरी कुठे जायची घाई नाही.

माझ्या सुनेला तुम्ही पाहिलेले नाही. माझ्या मुलाला पाहिले तेही पाळण्यात. तो चार वर्षांपूर्वी गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि दवाखान्यातून तो घरी परतला नाही. त्याविषयी मी अधिक लिहिणार नाही. त्याची आई त्याच्याही आधी गेलेली, त्यामुळे सिडकोतल्या या बसक्या घरात सासरा आणि सून असे आम्ही दोघेच उरलो. मूलबाळ नव्हते. उभी हयात मी शाळेत मराठी शिकवले; बोलणे हा माझा व्यवसाय होता. तरी या घरात जेवणाच्या ताटांवर आम्ही दोघे जे बोलत असू ते मोजके होते: मीठ, औषध, गॅसची टाकी, वीज कधी येणार. ती अजिंठ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली, पदवीपर्यंत शिकलेली. माहेरी ती मोठ्याने हसते असे तिचा भाऊ सांगतो. आमच्या घरी ते हसणे मुलाबरोबर निघून गेले होते.

श्रावणात ती पंचमीला माहेरी गेली आणि परत आली. पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, मला चहा दिला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“वाक्य पूर्ण कर, मग ठरवतो.”

“या घरात माझं काम काय आहे?”

मी म्हणालो, “घर तुझे आहे.”

ती म्हणाली, “ते नाही विचारलं, बाबा.”

अण्णा, आयुष्यभर मी मुलांना शिकवले की उत्तर प्रश्नाला धरून असावे. त्या दिवशी माझ्याकडे प्रश्नाला धरून असलेले उत्तर नव्हते. दोन माणसांचा स्वयंपाक, त्यातला एक म्हातारा, आणि संध्याकाळी फाटकाशी उभे राहून लोकांची मुले बघणे, याला काम म्हणता येत नाही. हे मला दिसत होते. आणखीही एक दिसत होते: ज्या घरात आपले काम नाही असे माणसाला वाटते, त्या घरात ते फार दिवस राहत नाही. ती गेली तर या भिंतींत मी आणि भिंतीवरचे दोन फोटो. ही भीती मी तिला सांगू शकत नव्हतो. म्हणून मी तिला दुकान सांगितले.

तुमचे दुकान. पैठण गेटच्या आतले, चिंचोळे. पुढे लोखंडी तवे आणि उलथणी, मागे दगडाचे पाटे, वरवंटे, खल, आणि अगदी आत, भिंतीला उभी टेकवलेली दळणाची जाती. मला अजून दिसते: उन्हाळ्याची दुपार आहे, बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरतो आहे, एक बाई पायरीवर टेकली आहे आणि तुम्ही तिच्यापुढे पाटा ठेवून म्हणता, “माय, हात फिरवून बघ. नाय बसला हातात तर दुसरा बघ.” ती वरवंटा फिरवते. मी गल्ल्यामागे बसलेला, नुकताच शाळेत पहिला आलेला. ती म्हणते, “ह्यो नगं, थोडा रुंद पायजे.” आणि मी म्हणतो, “पायजे नाही, पाहिजे.” तुम्ही माझ्याकडे वळूनही बघितले नाही. तिला रुंद पाटा काढून दिलात, ती गेल्यावर मला पायरीवर बसवलेत आणि म्हणालात, “ती दगूड घ्यायला आली व्हती. तुझा शब्द तिनं मागितला व्हता का?” मी संध्याकाळपर्यंत पायरीवर बसलो. पुढे मी भाषेचाच माणूस झालो, आणि दुकान तुमच्याबरोबर मिटले. पण दगड कसा निवडायचा, वरवंट्याचा तोल कसा बघायचा, हे माझ्या हातात राहिले होते. ते विकता येईल असे मला त्या श्रावणात प्रथमच वाटले.

आता लोक घरबसल्या फोनवरून खरेदी करतात. शहरांतल्या बायका मिक्सरला कंटाळून पुन्हा पाटा, खल मागू लागल्या आहेत, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. मी सुनेला म्हणालो, “आपण घरून दगड विकू.” तिने माझी रिकामी कपबशी उचलली. मग म्हणाली, “पोस्टानं? दगड?” आणि हसली. मोठ्याने. अण्णा, तेवढ्या हसण्यावर मी सारे उभारायला निघालो.

गणपतीच्या दिवसांत घराचे दुकान झाले. मुलाची खोली रिकामी करायला मी चार वर्षे धजावलो नव्हतो. ती तिने एका सकाळी केली, आणि त्याचे टेबल मात्र जागचे हलवले नाही. त्याच टेबलावर पत्ते छापायचे छोटे यंत्र बसले. शहागंजातून जाड लोखंडी मांडणी आणली, कारण लाकडाची फळी पाट्याच्या वजनाने वाकते. मोठ्या परातीचा वजनकाटा आला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून पाच पदरी पुठ्ठ्याचे खोके मागवले. नमुन्याला आणलेला वरवंटा साध्या खोक्यात ठेवला तर तळातून सरळ खाली आला होता आणि माझ्या अंगठ्यावर पडला होता. गोणपाट, सुतळी, रुंद चिकटपट्टी, फुगे असलेला प्लॅस्टिकचा कागद. फोन उभा धरण्याचा तिपाई स्टँड आणि गोल दिवा. तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, या उजेडात तुम्हीसुद्धा तरुण दिसता.” मी तिला सांगितले की ‘सुद्धा’ इथे अनावश्यक आहे. ती म्हणाली, “बरं. तुम्हीच तरुण दिसता.”

माल दौलताबादचा. तुम्ही ज्या घराकडून दगड घेत होता, किल्ल्याखाली राहणाऱ्या त्याच घराची नात आज तिथे छिन्नी चालवते. तीही आता म्हातारी आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. मी तुमचे नाव सांगितले तेव्हा तिने ओळख दिली नाही, दुकान सांगितले तेव्हा दिली. “पैठण गेटवाले व्हय? आमचा आजा म्हनायचा, त्यो मानूस दगूड वाजवून घेतो.” मीही वाजवून घेतले. बोटाच्या पेराने ठोकल्यावर जो दगड मातीच्या मडक्यासारखा बद्द वाजतो त्यात आत चीर असते. जो खणखणतो तो घ्यायचा. तुमचेच शिकवणे. घटस्थापनेच्या सकाळी छोटा टेम्पो दारात उभा राहिला आणि काळ्या बेसॉल्टचे पाटे, वरवंटे आणि खल आमच्या घरात उतरले. सगळे कोरे. गुळगुळीत. जसे तुमच्या दुकानात असत.

इथेच चूक झाली, आणि ती कोणा एकाची नाही. पाटा कोराच विकायचा असतो हे तुमच्या दुकानामुळे मला ठाऊक, आणि कोराच घ्यायचा असतो हे सुनेला माहेरामुळे ठाऊक. मग टाकीवाली दारात येते, उंबऱ्याशी बसते, घरातली बाई तिच्यापुढे मूठभर ज्वारी टाकते, आणि ती छिन्नीने पाट्यावर बारीक खाचा पाडते. ती टाकी पडल्याशिवाय पाट्यावर काही वाटले जात नाही. मिरची नुसती घसरते. आमच्या गल्लीत अजूनही वर्षातून एकदोनदा ती हाक येते, “टाकीऽऽ लावायची का पाट्याऽऽला!” त्यामुळे टाकीचा विचारच आमच्या मनात आला नाही. पाण्यात राहणाऱ्याला पाणी सांगावे लागत नाही, तसे झाले.

मालाची वर्णने मी लिहिली. सुनेने ती वाचली आणि म्हणाली, “बाबा, हे वाचून लोक दगड नाही घेणार, परीक्षेला बसतील.” तिने ती लहान केली; मी फक्त विरामचिन्हे राखली. पाट्यावर हिरव्या मिरच्या, लसणाच्या पाकळ्या, थोडे भाजलेले शेंगदाणे ठेवून तिने फोटो काढले. दसऱ्याला पहिली मागणी आली, नागपूरहून. दिवाळीत तर खोके बांधताना आमचे हात पुरेनात. पार्सल न्यायला येणारा तरुण खोके उचलून वाकायचा आणि म्हणायचा, “क्या चचा, किल्ला तोडके बेचरे क्या?” सून आतून ओरडायची, “हौ भाई, तोफ बाकी है, लेते क्या?” पाडव्याच्या दिवशी, ओवाळण्याच्या वेळेला, ती जमिनीवर बसून चिकटपट्टी दाताने तोडत होती आणि गुणगुणत होती. मी दारात उभा होतो. ते गाणे मला ओळखता आले नाही. विचारले नाही, कारण विचारले असते तर ते थांबले असते.

तुळशीच्या लग्नानंतर पहिला दगड परत आला. आमच्याच खोक्यात, आमच्या चिकटपट्टीवर दुसरी पट्टी मारून. मग दुसरा. मग एका आठवड्यात इतके, की पार्सलवाल्याची थट्टा बंद झाली. तो खोके उतरवायचा आणि जमिनीकडे बघत सही घ्यायचा. ग्राहकांनी लिहिलेले सूनबाई मला वाचून दाखवत असे. “दिसायला देखणा, पण चटणी होत नाही.” “आरसा पाठवला आहे का?” पुण्याच्या एका बाईंना तिने फोन केला. मी समोर बसलो होतो.

“ताई, टाकी लावून घ्यावी लागते. टाकीवाली येईल ना तुमच्याकडे.”

“कुठे येईल?”

“दारावर. हाक मारत येते बघा.”

मग त्या बाई म्हणाल्या, आणि त्या चिडून म्हणाल्या असे मी म्हणणार नाही, उलट फार समजुतीने म्हणाल्या, “अगं, मी बाराव्या मजल्यावर राहते. आमचा वॉचमन दूधवाल्यालासुद्धा वर सोडत नाही. कोण येणार माझ्या दारावर?”

सुनेने फोन खाली ठेवला. आम्ही एकमेकांकडे बघितले नाही. इतकी साधी गोष्ट होती. ज्या दारावर हाक येते ते दार आमच्याकडे होते म्हणून, ते सर्वांकडे असते असे आम्ही धरून चाललो होतो. मार्गशीर्ष लागला आणि ज्या संकेतस्थळावर आमचे दुकान होते तिथून कळवले गेले की परतीचे प्रमाण फार आहे. माल सुधारेपर्यंत दुकान बंद राहील. मांडणी भरली, मग मुलाच्या टेबलाखाली दगड गेले, मग ओसरीत. ज्या खोलीत तिचे गुणगुणणे ऐकले होते तिथे चालायला वाट राहिली नाही.

त्याच दिवसांत तिच्या भावाचा मला फोन आला. सज्जन माणूस आहे. “बाबा, तुमचा मान ठेवून बोलतो. लेण्याच्या पायथ्याला मी हॉटेल टाकतोय. गल्ल्यावर बसायला घरचं माणूस पायजे. तिला विचारलं, ती म्हणाली, दगडांचं काय होतंय ते बघून सांगते.” मी म्हणालो, “तिचे तिने ठरवावे.” वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. फोन ठेवला आणि मी ओसरीतले परत आलेले दगड मोजू लागलो, अण्णा. सगळे आता त्या दगडांवर येऊन ठेपले होते. दगड विकले गेले तर तिला इथे काम आहे. नाही, तर तिकडे आहे, आणि तिकडचे काम खरे आहे, माझ्या भीतीतून जन्मलेले नाही.

चंपाषष्ठीला मी एकटा दौलताबादला गेलो. मावशी दगडाच्या चुऱ्यात बसली होती, भुवयांपर्यंत पांढरी. मी म्हणालो, “मावशी, टाकी इथेच पाडून द्या. सगळ्यांना. मजुरी वेगळी देतो.”

“इथं? इथं नाय पडत पैली टाकी.”

“का नाही पडत?”

“आवो, पैली टाकी पडती ती उंबऱ्यावर. जिच्या घरात वाटन होनार तिच्या. ती दानं टाकनार, मग म्या छिन्नी लावनार. आधीच पाडली तर त्यो पाटा कुनाच्याच घरचा नाय. त्येला काय अर्थ?”

मी वाद घातला. छिन्नी दगडाला ओळखते, उंबऱ्याला नाही, असे म्हणालो. ती हसली. “मास्तर, तुमी लग्नात अक्षता टाकता न्हवं? तांदूळ कुनाला वळखत्यात?” मी तरीही वाद घातला. माझा स्वर चढला असावा, कारण तिचा मुलगा हातातले काम थांबवून आमच्याकडे बघू लागला. मी तिला म्हणालो की माझे घर यावर आहे. का म्हणालो ते कळत नाही. अनोळखी माणसापुढे मी असे कधी बोललेलो नाही. ती बराच वेळ छिन्नीची धार अंगठ्याने चाचपत राहिली. मग म्हणाली:

“तुमच्या उंबऱ्यावर पाडते. पन मग समदे दगूड तुमच्याच घरचे झाले. घरच्या बाईनं दानं टाकायचे, आन् मग तिच्या हातानं तिनं द्यावेत कुनालाबी, इकत का फुकट. पन बाई ती पायजे जी हितून पुढं बी त्याच घरात रांधनार. चार दिसाची पावनी नाय चालत. सांगून ठेवते.”

“ती विधवा आहे,” मी म्हणालो.

“मग? चुलीला कळतंय का ते?”

घरी येऊन मी अट सुनेला शब्दशः सांगितली. अर्धी सांगता आली असती. दाणे टाकायचे आहेत एवढेच. पण अर्धे सांगितलेले खोटेच असते. अण्णा, मी तिला ‘थांब’ म्हणू शकत नव्हतो. माझा हक्क काय? तिचे वय काय, माझे काय! म्हणून एका दगड फोडणाऱ्या म्हातारीचे वाक्य मी तिच्यापुढे ठेवले आणि त्याआड उभा राहिलो. तिने ऐकून घेतले. म्हणाली, “येऊ द्या मावशींना.” पौष महिना सुरू झाला. ती पूर्वीसारखीच वागत होती. फक्त माझ्या कपाटातले स्वेटर उन्हात टाकून, डांबराच्या गोळ्या घालून, घड्या करून ठेवत होती. जाणारी माणसे अशी कामे करतात. मी ते न बघितल्यासारखे करत होतो.

भोगीच्या आदल्या दिवशी मावशी आली. उंबऱ्याशी पोते अंथरून बसली, पाय पसरले, छिन्नी-हातोडी काढली. पहिला पाटा मी तिच्यापुढे ओढत आणला. समोरच्या घरातल्या बायका बघायला आल्या. मावशी मोठ्याने म्हणाली, “घरची बाई कोन हाय? या, दानं टाका, मुहूर्त गाठायचाय मला, बस बी गाठायचीय.”

सून सुपात ज्वारी घेऊन आली. वाकली. मूठ भरली. पाट्यावर हात नेला.

मूठ उघडली नाही.

मावशीने वर बघितले. “पोरी?”

तिचा हात तसाच. मी तिच्या मागे उभा होतो, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, मनगट दिसत होते. दोन बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या, अगदी बारीक. आणि मला त्या क्षणी, पहिल्यांदा, हे समजले की मूठ उघडेल. ती उघडणार होती. माझ्यासाठी. ती दाणे टाकणार होती, हे सारे दगड पदरात घेणार होती, आणि मग या घरात म्हाताऱ्याचे स्वेटर उन्हात घालत तिची वर्षे जाणार होती, कारण तिने शब्द दिलेला असणार होता. मला जे हवे होते ते एका मुठीवर होते. अण्णा, मी तिथे जे केले ते विचारपूर्वक केले असे म्हणता येत नाही. मी खाली बसलो. गुडघे बसू देत नाहीत, तरी बसलो. तिच्या सुपातली ज्वारी ओंजळीत घेतली आणि पाट्यावर टाकली.

मावशी म्हणाली, “आता? तुमी वो कशाला?”

“या घरात यापुढे मी रांधणार आहे.”

“तुमी?” समोरच्या बायका हसल्या. मावशीही. “लुगडं बी नेसा मग. काय काय येतंय रांधाया?”

“पिठले येते.”

माझ्या मागून, फार हळू, सून म्हणाली, “नाही येत, मावशी. गाठी होतात.” आणि तिने मूठ सुपात मोकळी केली. ती रडत होती की हसत होती हे मी सांगू शकत नाही. मी वळून बघितले नाही.

मावशीने मला आपादमस्तक न्याहाळले. “एकच पाडीन,” ती म्हणाली. “येकट्या मानसाला एक पाटा लई झाला. बाकीचे नाय, ते आता हितले नाय.” आणि ती कामाला लागली. टक, टक, टक. दगडाच्या बारीक कपच्या उडून माझ्या धोतरावर पडत होत्या. बाकीचे कोरे पाटे आत मांडणीवर होते, आणि ते विकले जाणार नाहीत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

त्यानंतर ती जाईपर्यंत आम्ही खूप बोललो. चार वर्षांत बोललो नाही इतके. तिने मला पिठले शिकवले: आधी पीठ गार पाण्यात सोडायचे, मग फोडणीत. तिने मला बजावले की पाट्यावर वाटताना बसून वाटायचे, उभ्याने नाही, कंबर जाईल. रथसप्तमीनंतर भाऊ गाडी घेऊन आला. ती माझ्या पाया पडली. मला म्हणाली, “बाबा, आता विचारू का?” मी म्हणालो, “विचार.” म्हणाली, “मी जाऊ?” मी म्हणालो, “जा.” एकाक्षरी वाक्य. त्याहून लहान वाक्य मराठीत नाही, आणि त्याहून अवघड मी उभ्या आयुष्यात उच्चारलेले नाही.

तेव्हा, न सांगता गेली हे खोटे आहे. ती विचारून गेली.

आता घर कसे आहे हे तुम्हाला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखे नाही. संध्याकाळी चार वाजता जे उन्हाचे पट्टे ओसरीत येतात ते पाट्यांवर पडतात आणि दगड रात्र झाली तरी कोमट राहतात. मी कधी कधी त्यांवर हात ठेवून बसतो. वजनकाटा चालू केला की शून्य दाखवतो. पत्ते छापायचे यंत्र मी परवा उगाच चालवून बघितले. त्याने एक कोरी चिठ्ठी बाहेर टाकली. पाट्यावर मी रोज काहीतरी वाटतो. काल लसणाची चटणी केली, तिखट फार झाली, आणि तिखट झाली हे सांगायला कोणी नव्हते. मी मोठ्याने म्हणून बघितले, “तिखट झाली आहे.” क्रियापद, विशेषण, सारे जागच्या जागी होते. वाक्य कोणी ऐकले नाही तर ते वाक्य असते का, हे मी मुलांना कधी शिकवले नाही. अण्णा, मला फार भीती वाटते. मरणाची नाही. अजून खूप संध्याकाळी शिल्लक असतील याची.

एक विचारायचे राहिले. तुम्ही पाटे कोरेच का विकत होता? दुकानात बसूनही टाकी पाडून देता आली असती. मावशीचा आजा जी अट पाळत होता ती तुम्हाला माहीत होती, की तुम्हीही माझ्यासारखेच धरून चालला होता? त्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसलो होतो तेव्हा विचारायला हवे होते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुमच्या लेकीला ते वाचून दाखवण्याचे धैर्य माझ्यात नाही. तिच्या चुकीच्या हकीकतीत निदान सुनेचा विषय तरी निघतो. मी सारे दुरुस्त केले तर तोही निघायचा नाही. तरी नोंद शुद्ध असावी, म्हणून:

ती कामाविषयी बोलली ते, नातेवाईक समजतात तसे, दिवाळीत नव्हे, पंचमीहून परतल्यावर. दगडांची कल्पना तिची नव्हे, माझी, त्याच दिवशीची.

घरात सामान आले ते गणपतीत. दगड आले ते घटस्थापनेला. तुमची लेक एरवी ‘दसऱ्याला’ म्हणत असते, ते चूक. दसऱ्याला पहिली मागणी आली.

परतीचा पहिला खोका तुळशीच्या लग्नानंतरचा. दुकान बंद झाले मार्गशीर्षात, सूनबाईच्या हयगयीने नव्हे.

दौलताबादला मी गेलो ती चंपाषष्ठी. तिने मला पाठवले नव्हते.

टाकी पडली ती भोगीच्या आदल्या दिवशी. दाणे मी टाकले.

ती गेली ती संक्रांतीच्या आधी नव्हे, रथसप्तमीनंतर, दिवसाउजेडी, समोरच्या घरातल्यांचाही निरोप घेऊन.

ती येणार आहे ती गुढीपाडव्याला. घडलेल्याच तारखा लिहायच्या असे ठरवून बसलो होतो. ही घडलेली नाही. तिने तसे म्हटलेलेही नाही. “बघते” एवढेच म्हणाली होती. तरी ती मी लिहिली आहे, आणि खोडणार नाही.